पळसदरीचा ठसका

१

नानासाहेबांनी डॉक्टरांच्या मोटारीच्या मागच्या दाराच्या कातडी खिशात हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला, आत चाचपडला आणि रिकामा बाहेर आला. मग त्यांनी खिसा उलटाच केला. डॉक्टरांकडे येणाऱ्या औषधांच्या दोन जाहिराती पडल्या, बडीशेपेचे चार दाणे पडले आणि सकाळपासून हरवलेला हिरूचा एक पायमोजा पडला. कुपनं काही पडली नाहीत.

"गेली!" नानासाहेब म्हणाले. एवढा मोठा वकील, पण आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. "तिन्ही गाड्यांची कुपनं गेली!"

आंब्याखाली सतरंजीवर तान्ह्या हिरूला थोपटत बसलेली डॉक्टरांची बायको इंदू लेकीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. दुपारचे चार वाजले होते. पुरुषमंडळी राजमाचीचा किल्ला पाहून नुकतीच खाली उतरली होती. तोंडं उन्हानं लाल, धोतरांना कुसळं, आणि जो तो आपण तटावर कुठे उभे राहिलो ते सांगण्यात दंग. त्या शब्दासरशी सगळे गाडीभोवती गोळा झाले.

लढाईचं पाचवं वर्ष होतं. पेट्रोल औषधासारखं मोजून मिळे, आणि तेही सरकारी कुपनांवर. म्हणून तर पनवेलच्या हौशी मोटार मंडळानं ही सहल काढली होती. तिन्ही मोटारींच्या पाठीला न्हाणीघरातल्या बंबासारख्या भट्ट्या बसवायच्या, त्यांत लाकडी कोळसा जाळायचा आणि त्या गॅसवर थेट राजमाचीच्या पायथ्याचं कोंडाणे गाठायचं. 'कोळशावर किल्ला' असं नानासाहेबांनी मंडळाच्या पाटीवर रंगवूनही घेतलं होतं. पेट्रोल लागायचं ते गाडी सुरू करताना घोटभर. सगळ्यांची महिन्याची कुपनं एकत्र घडी घालून डॉक्टरांच्या गाडीत ठेवली होती, कारण ती सर्वांत पुढे. घडी सुटू नये म्हणून तिला एक चाप लावला होता. डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं, सिराजनं, तो मोडक्या छत्रीची तार वाकवून केला होता.

"सिराज!" नानासाहेब गरजले. "इकडे ये. गाडी कुणाच्या ताब्यात होती?"

सिराज भट्टीजवळून आला. चाळिशीचा, सडपातळ, हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. "माझ्या, साहेब."

"कुपनं कुठायत?"

"मी विकली नायत."

"विकलीस का असं मी विचारलंच नाही अजून!"

"मग दुसरं काय विचारू नका साहेब. मी विकली नायत."

हे कसलं उत्तर! डॉक्टरही गोंधळले. चोरानं कानावर हात ठेवले असते, निर्दोष माणसानं आकांत केला असता. हा मधेच कुठेतरी उभा होता.

"काळ्या बाजारात एकेका कुपनाला काय भाव येतो ते मला ठाऊक आहे," नानासाहेब म्हणाले. "परत जाताना कर्जतला चौकीवर उतरवतो याला. लढाईचा कायदा आहे. दोन वर्षं खडी फोडेल."

सिराजची बायको हवाबी पनवेलला होती. तिच्या पदराखाली तीन पोरं, चौथं पोटात. इंदूला ते ठाऊक होतं. तिनं सिराजकडे पाहिलं. तो नानासाहेबांकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता इंदूच्या खांद्यावर झोपलेल्या हिरूकडे.

२

"मला थोडा वेळ द्या," इंदू म्हणाली.

आपण हे खरंच बोललो हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

"तू कशाला मधे पडतेस?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"गाड्यांच्या भट्ट्या पेटून तापायला तासभर तर लागणारच आहे ना? तेवढ्यात मी दोघाचौघांशी बोलते. वर कड्यावर ऊन तांबडं झालं की मग तुम्ही म्हणाल तसं."

नानासाहेब कड्याकडे बघून हसले. "ठीक आहे वहिनी. करा वकिली. आमचं पोट भरलंय, घाई नाही."

इंदू मॅट्रिकपर्यंत शिकली होती, पण आज तिच्या डोक्यात नुसता पिंजलेला कापूस होता. सात महिन्यांची हिरू चार रात्री झोपू देत नव्हती. सकाळची सहल तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत होती. पहाटे पनवेल सोडलं. खालापूरला तळ्याकाठी चहा झाला. मोटारी बघायला जमलेल्या बायकांनी हिरूचेच गाल कुस्करले, "काय गोरी गं, काय गुटगुटीत!" तिथून जी हिरू रडायला लागली ती लागली. सासूबाईंनी, माईंनी, तिला मांडीवर घेतलं तेव्हा कुठे इंदूचा डोळा लागला. जागी झाली ती पळसदरीला, थांबलेली गाडी पुन्हा निघताना. तिथं माई पाय मोकळे करायला उतरल्या होत्या. मग कर्जत, मग धुळीचा कच्चा रस्ता, मग कोंडाणे. यात कुपनं कधी गेली? कुठल्या तुकड्यात?

सगळ्यांत आधी ती मंडळाच्या चिटणिसांकडे, तात्यांकडे गेली. कारण कुपनं गेल्याचं कळल्यापासून तात्या आपल्या गाडीच्या सीटवरून हललेच नव्हते.

"तात्या, जरा उतरता का?"

"कशाला? पाय दुखतायत माझे. किल्ला चढून बघा म्हणजे कळेल."

"मला कोण चढू देतंय?" इंदू म्हणाली. किल्ल्याचा बुरूज तिनं खालूनच पाहिला होता, सकाळी एकदा आणि हिरूचे लंगोट वाळत घालताना एकदा. "तात्या, तुमची गाडी पळसदरीच्या चढावर सगळ्यांच्या पुढे गेली. धूर नाही, खोकला नाही. आणि तुमच्या भट्टीत आत्ता मी डोकावले, तर कोळसा सकाळी भरला तेवढाच आहे. काठोकाठ."

तात्यांची बारीक मिशी थरथरली. त्यांच्या कोटाला वास येत होता, आणि तो कोळशाचा नव्हता.

"वहिनी," तात्या कुजबुजले, "नानांना नका सांगू. महिनाभर पेट्रोल साठवलंय हो मी. सीटखाली डबा आहे. अर्धा अजून शिल्लक आहे. पाटीवर एवढं मोठं 'कोळशावर किल्ला' लिहिलेलं, आणि माझी गाडी घरच्या गल्लीतसुद्धा कोळशावर चढत नाही! पण कुपनांना मी हात लावला असेन तर..."

"नाही लावलात. साठवणाऱ्याला चोरायची काय गरज? मला एवढंच सांगा, डॉक्टरांच्या गाडीजवळ कोण कोण गेलं?"

तात्यांच्या जिवात जीव आला. "पळसदरीला मी होतो ना तिथंच! सिराजनं कोळसा घालायला झाकण उघडलं, वर घमेलंभर कोळसा ओतला आणि झाकण लावायला गेला, तो काय ठसका, काय ठसका! त्याच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून पाणी. मी म्हटलं, अरे, कोळसेवाल्यानं मिरचीच्या पोत्यात कोळसा भरला की काय!"

"आणि दाराशी?"

"दाराशी कुणीच नव्हतं. तुम्ही आत झोपलेल्या, आणि माई भट्टीजवळ ऊब घेत उभ्या."

इंदू वळली आणि थांबली. जानेवारी असला तरी तेव्हा नऊ वाजले होते. ऊन चांगलं चटकत होतं. माईंना ऊब कशाला हवी होती?

३

गाड्यांवर दिवसभर राखण होती ती गावातल्या धाकलूची. त्याला इंदूनं विचारलं तेव्हा तो आधीच कान पकडून उभा राहिला.

"म्या दार उगडलं व्हतं, बाय. एकदाच. आत कसं हाय ते बगाय. आनि ते रबरी भोंगं दाबलं. शेरडं उदळली ती अजून सगळी घावली नाय."

मग तो आपल्या बायकोकडे, ठकीकडे, वळला. "आनि कोन बसलं व्हतं गादीवर फतकल मारून? माज्या एकल्यावर नको आनू."

"बसले तर काय झिजली काय गादी?" ठकी ठसक्यात म्हणाली. "सरकारचा कागद घेऊन आमी काय चुलीत घालू? आमच्याकं काय मोटार हाय? बाय, मी सांगते. कोनी आलं नाय, गेलं नाय. तुमचा डायवर तेवढा आल्या आल्या भट्टी उकरीत व्हता. राख काडली, चाळली, आनि मदीच असा बसला बगा मटकन. मी भाकर दिली तर खाल्ली नाय. च्या दिला तर घेतला नाय."

"राख चाळली?"

"त्याचं रोजचंच असंल. पन बसला मातर भूत बगितल्यावानी."

ठकीनं बोलता बोलता हिरूच्या गालावरून हात फिरवला, आणि लगेच स्वतःच्या कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली. "लई गोड हाय गं पोर. दुपारी केवडी रडली! दिष्ट काडा हिची. मीठ, मव्हरी, मिरच्या. मिरच्या जळताना ठसका लागला तर कायबी नाय, उगाच रडतंय पोर. आनि ठसका लागलाच नाय, तर समजायचं का लई जबर व्हती. पन कुनाला बोलायचं नाय हां. काडली म्हनून सांगितलं का उलटून बसती पोराच्या अंगावर."

"मीठ..." इंदू म्हणाली.

"तुमच्यापाशी कुटं व्हतं? दुपारी पिटल्यात घालाय मीच दिलं ना माईंस्नी. मव्हरी पन."

मिठाची आणि मोहरीची पुरचुंडी पहाटे तिनं स्वतः बांधून टोपलीत ठेवली होती, वर पाच सुक्या मिरच्या. दुपारी माई म्हणाल्या होत्या, "मीठ विसरलं वाटतं घरी." इंदूनं मुकाट्यानं मान हलवली होती. झोपेअभावी आपण हल्ली काहीही विसरतो, तसं हेही विसरलो असू.

पण विसरली नव्हती ती.

४

आंब्याच्या दुसऱ्या बाजूला माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. इंदू लांबूनच बघत राहिली. माळेचा मणी सरकत नव्हता.

आणखी एक गोष्ट तिच्या आत्ता ध्यानात आली. सिराजनं तांब्याला नुसता धक्का लावला तरी माई त्यातलं पाणी ओतून टाकत. गाडीनं खड्डा खाल्ला तरी दोष सिराजचा. आज त्याच सिराजवर चोरीचा आळ आला, अख्खी मंडळी त्याच्यावर तुटून पडली, आणि माईंच्या तोंडून एक अक्षर आलं नव्हतं. नेहमी बोलणारं माणूस गप्प बसलं की कान द्यावा, हे इंदू सासरी आल्यावर शिकली होती.

तिनं मनातल्या मनात तुकडे जोडून पाहिले. गाडी चालू असताना नात मांडीवर, सून झोपलेली. मीठमोहरी हाताशी आहे, पण पुरचुंडीचं फडकं काही विस्तवात टाकायचं नाही, आणि विस्तव यायला अवकाश आहे. दाराच्या खिशात घड्या घातलेले कागद, वर इंग्रजी छापलेलं. डॉक्टर औषधांच्या जाहिराती तिथंच कोंबतात आणि माई त्यांच्याच पुड्या बांधतात, हे घरात रोजचं. त्यातली एक घडी तर चापासकट. म्हणजे पुडी सांडायचीही भीती नाही. आणि मग पळसदरीला भट्टीचं झाकण उघडतं...

तिला राग आला का? आला असावा. पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा गेला. अकरा महिन्यांचा होता. नेरळच्या लग्नात सगळ्यांनी उचलून उचलून घेतला आणि चौथ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, घटसर्प. माई म्हणाल्या, दृष्ट. मी वेळेवर काढली नाही. इंदू काहीच म्हणाली नव्हती.

सिराज ओढ्यावर हात धूत होता, आणि मधूनच ओल्या हातानं उजवा खिसा चाचपत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"सिराजभाई, राखेत काय सापडलं?"

"काय नाय वहिनी."

"तुमच्या उजव्या खिशात आहे ते."

त्यानं पाण्यातले हात तसेच ठेवले.

"हवाबी काढते का हो पोरांची नजर?"

"काढते." हात बाहेर काढून झटकत तो म्हणाला. "मिरच्यांनीच काढते. आमच्यातबी तसंच, वहिनी. बोलायचं नसतं."

"म्हणजे तुम्हांला ठसका लागला तेव्हाच कळलं?"

"तवा वाटलं, माईंनी मिरच्या टाकल्या, टाकू देत. हितं येऊन राख काढली तवा हे घावलं." त्यानं ओला हात खिशात घालून बाहेर काढला. तळव्यावर काळीनिळी पडलेली वाकडी तार होती. छत्रीची. "माझ्या हातची तार मी वळखणार नाय? मग समजलो, कागद कसले होते ते."

"आणि तरी तुम्ही बोलला नाहीत! खडी फोडायला निघालात!"

"वहिनी," सिराज म्हणाला, "धाकटे साहेब गेले, त्या दिवशी दवाखान्यात गाडी कुणी नेली? मीच. येताना तुमी मागं बसल्या होत्या. आरशात दिसत होत्या मला." त्यानं मान खाली घातली. "माझ्या तोंडातून शब्द निघायचा आणि उद्या ह्या पोरीला काय झालं तर? खरं-खोटं अल्लाला ठाव. पण मी कशाला बोलू?"

इंदूच्या खांद्यावर हिरू जागी झाली आणि भोकाड पसरून रडू लागली. वर राजमाचीच्या कड्यावरचं ऊन तांबडं झालं होतं.

५

तिन्ही भट्ट्या धुमसत होत्या. नानासाहेब घड्याळ हातात धरूनच उभे होते.

"काय वहिनी? सापडला चोर?"

"चोरी झालीच नाही," इंदू म्हणाली. सिराजकडून घेतलेली तार तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "कुपनं भट्टीत जळाली. हा त्यांचा चाप. राखेत मिळाला."

"चाप!" नानासाहेब तार उन्हाकडे धरून म्हणाले. "वकिलाला सांगताय वहिनी? कुपनं विकून नुसता चाप भट्टीत टाकता येत नाही काय? आणि हा मिळाला कुणाला? यालाच! मग हा तासभर तोंड शिवून का बसला?"

इंदूला उत्तर ठाऊक होतं. ते दिलं तर माईंचं मौन सगळ्यांपुढे उघडं पडणार होतं, आणि न दिलं तर सिराज जाणार होता. दृष्ट उलटते यावर तिचा विश्वास होता का? शिकलेल्या इंदूचा नव्हता. हिरूला छातीशी धरून उभ्या असलेल्या इंदूला मात्र काही सांगता येईना. शेवटी तिनं तिसरीच वाट धरली.

"कुपनं मी टाकली," ती म्हणाली. "चुकून. जाहिराती समजून मी त्यांत..."

"ती झोपली होती," मागून आवाज आला.

माई उठल्या होत्या. माळ पदरात गुंडाळलेली, चेहरा पिठासारखा पांढरा.

"माई, तुम्ही बोलू नका," इंदू कळवळून म्हणाली. "तुम्ही नका बोलू. मी सांगते ना."

"बोलू दे गं." माईंनी हिरूकडे बघणं टाळलं. "नाना, ती झोपली होती, पोर माझ्याजवळ होती. खिशातला कागद मी घेतला. मला काय ठाऊक तो सरकारी! त्यात मीठमोहरी बांधली, मिरच्या ठेवल्या. त्याचाच चाप लावला वरून. पोरीवरून तीनदा उतरवली आणि पळसदरीला हा कोळसा घालायच्या आधी माझ्या हातानं भट्टीत टाकली. तुम्ही याला धरलंत तेव्हाच मला कळलं काय झालं ते. तासभर बसले मी गप्प. एका बाजूला हा, एका बाजूला ही." त्यांनी माळ पदरात आणखी घट्ट गुंडाळली. "सांगितलं आता. काय उलटायचं ते माझ्यावर उलटू दे."

तात्यांना राहवेना. "तरीच!" ते म्हणाले. "तरीच तो ठसका!"

ठसका.

इंदू एकदम हसलीच. तिला रडूही येत होतं. तिनं रडणाऱ्या हिरूच्या तोंडात बोट घातलं, खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि माईंचा हात ओढून घेतला.

"बघा माई. इथं. लागतंय?"

माईंनी भीत भीत बोट लावलं. हिरडीला बारीक धार आली होती, तांदळाच्या कणीएवढी.

"दात," माई म्हणाल्या.

"म्हणून रडत होती चार दिवस. ठसका लागला, माई! सिराजभाईंना लागला, तात्यांना लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच मुळी. मग उलटणार काय?"

माईंनी हिरूला घेतलं आणि तिच्या पोटात तोंड खुपसलं, ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

नानासाहेबांनी खाकरून घेतलं. कुपनं अपघातानं जळाल्याचा अर्ज आपण स्वतः लिहू, असं ते डॉक्टरांना म्हणाले. आणि ती तार त्यांनी सिराजला परत दिली. "ठेव. चांगली केलीयस." एवढंच. मग त्यांच्या ध्यानात आलं की कुपनं नाहीत, टाक्या कोरड्या आणि गाड्या सुरू करायला थेंबभर पेट्रोल नाही. तात्यांनी निमूटपणे सीट उचलून डबा बाहेर काढला. कुठून आला हे कुणी विचारलं नाही, आणि पाटीकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं.

गाड्या निघायच्या वेळी माई ठकीकडे गेल्या. मूठभर मीठमोहरी आणि चार मिरच्या घेऊन परत आल्या. या वेळी कागद नव्हता, नुसती मूठ. इंदूनं हिरूला पुढे केलं.

पण माई हिरूजवळ थांबल्या नाहीत. त्या सिराजपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माई, हे काय?" तो मागे सरकला.

"गप उभा राहा," माई म्हणाल्या. "आणि बोलू नकोस. बोलायचं नसतं."

डोक्यापासून पायांपर्यंत त्यांनी मूठ तीनदा उतरवली. त्याच्या खांद्याला माईंच्या हाताचा स्पर्श झाला, आणि त्यांनी तो पुसला नाही. सिराजनं भट्टीचं झाकण उघडलं. लाल निखाऱ्यांवर मीठ तडतडलं, मिरच्या काळ्या पडल्या, चुरमडल्या, पेटल्या. तात्यांनी आधीच नाकाला रुमाल लावला होता.

सगळे श्वास धरून थांबले. धुराची वळी उठली आणि कड्याच्या दिशेनं गेली. धाकलूनं ठकीकडे पाहिलं, इंदूनं माईंकडे.

ठसका कुणालाच लागला नाही.